जेऊरचीं दोन मिनिटें



गेल्या पौषांतली गोष्ट आहे. भिगवणच्या पुढें, उजनीच्या पसरलेल्या पाण्यापासून थोड्या अंतरावर, माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचें शेत आहे. तो आतां पुण्यास नोकरी करतो. परंतु अमावास्या जवळ आली म्हणजे मोटारींत दुर्बीण, तिपाई आणि कॅमेरा घालून तो शेतावर येतो व रात्रभर आकाशाचीं छायाचित्रें घेत बसतो. त्या रात्रीं त्यानें मला मुद्दाम बारामतीहून बरोबर नेलें होतें. थंडी कडाक्याची होती. मृग नक्षत्र चांगलें वर आलें होतें व त्यांतील तेजोमेघ त्याला टिपावयाचा होता. सगळी मांडामांड झाल्यावर कॅमेऱ्याशीं जोडलेल्या यंत्राकडे पाहत तो पुटपुटला, "गुरुजी, गेन किती ठेवावा?" आणि मग स्वतःच हंसून म्हणाला, "तुम्हांला काय विचारतों मी!"

गेन म्हणजे काय, हें मला तोंपर्यंत खरोखरच ठाऊक नव्हतें. पण मीं त्याला म्हटलें, "बाबा रे, हाच प्रश्न भीमेच्या पलीकडे, जेऊरच्या माळावर, सव्वाशें वर्षांपूर्वीं कांहीं मंडळींनीं स्वतःस विचारला होता. त्यांच्यापाशीं रात्रभर वेळ नव्हता. अवघीं दोन मिनिटें होतीं." त्या दोन मिनिटांची हकीकत आज मी आपणांस सांगणार आहे.

भिगवण स्टेशन इंदापूर तालुक्यांत आहे. तेथून सोलापूरकडे जाणारी गाडी भीमा ओलांडून करमाळा तालुक्यांत शिरते आणि थोड्याच वेळानें जेऊर येतें. आज तेथें उतरणारास कांहीं विशेष दिसत नाहीं. परंतु १८९८ च्या जानेवारींत ह्या लहानशा स्टेशनावर ज्या पेट्या उतरल्या, त्यांत कॅलिफोर्नियांतील लिक वेधशाळेचीं यंत्रें होतीं, जपानांतील टोकियोच्या वेधशाळेचीं होतीं आणि आपल्या पुण्याचींही होतीं. शनिवार, २२ जानेवारी १८९८, पौष अमावास्या, ह्या दिवशीं दुपारीं सूर्याला खग्रास ग्रहण लागणार होतें. चंद्राची छाया कोंकणांत विजयदुर्गाच्या बाजूस जमिनीवर येऊन, सह्याद्रि ओलांडून, देशावर इंदापूर-करमाळ्यावरून वऱ्हाडांत व तेथून ईशान्येस बक्सरकडे जाणार होती. इंदापूर ह्या पट्ट्यांत चांगलें आंत होतें; बारामती त्याच्या उत्तरेकडील कडेच्या बाजूस होती. म्हणजे आमच्या पणजोबांनीं भर दुपारीं घराच्या ओसरीवरून जें पाहिलें असेल, तें पाहण्यास अमेरिकेंतील विद्वान समुद्र ओलांडून आले होते.

ग्रहण पाहण्यास जागा निवडणें हें दिसतें तितकें सोपें नाहीं. छायेचा पट्टा शेंकडों कोस लांब असतो. पण त्यांतलें कोणतें गांव त्या दिवशीं ढगांतून मोकळें राहील, हें आधीं वर्षभर कसें सांगावें? तीस वर्षांपूर्वींचा अनुभव ज्योतिष्यांच्या मनांत ताजा होता. १८ ऑगस्ट १८६८ चें खग्रास ग्रहणही ह्याच दक्षिण भूमीवरून गेलें होतें, आणि तें ऐन पावसाळ्यांत. पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानांत लेफ्टनंट जॉन हर्शेल (थोर ज्योतिषी सर जॉन हर्शेल यांचे चिरंजीव) यंत्र लावून बसले होते. वर ढगांची धांवपळ चाललेली. मध्येंच एक फट मिळाली, तेवढ्यांत सूर्याच्या कडेवरील ज्वालेचा वर्णपट त्यांनीं पाहून घेतला. गुंटूर येथें मेजर टेनंट यांनीं सहा छायाचित्रें घेतलीं. पण पातळ अभ्र आडवें असल्यामुळें कांचांवर प्रकाश बेताचाच उमटला. त्या काळची कांच ओली असे. तिजवर द्रव ओतावयाचा, ती सुकण्याच्या आंत कॅमेऱ्यांत घालावयाची आणि लगेच बाहेर काढून धुवावयाची. ढग आणि कांच, दोहोंशीं एकदम झुंज.

येथें एक गोष्ट सांगून टाकतों. विजयदुर्ग किल्ल्यांत इंग्रज ज्योतिष्यांसाठीं बांधलेले कट्टे आहेत व त्यांस 'साहेबाचे कट्टे' म्हणतात. १८६८ सालीं नॉर्मन लॉकियर यांनीं ह्याच कट्ट्यांवरून हेलियम वायूचा शोध लाविला, असें पुष्कळ ठिकाणीं सांगितलें जातें. ही समजूत चुकीची आहे. १८६८ सालीं लॉकियर इंग्लंडांत होते. सूर्याच्या वर्णपटांतील ती पिवळी रेषा त्यांनीं त्या वर्षीं ऑक्टोबरांत, ग्रहण नसतां, तेथूनच तपासली. विजयदुर्गास ते आले तें तीस वर्षांनीं, ह्या आपल्या १८९८ च्या ग्रहणास. किल्ल्याचा मान त्यामुळें कमी होत नाहीं. पण मुलांना शिकवितांना साल नीट सांगावें.

आतां हवामानाकडे वळूं. हिंदुस्थानचें हवामान खातें १८७५ सालीं स्थापन झालें व हेन्री ब्लॅनफर्ड हे त्याचे पहिले प्रमुख झाले. खातें निघालें तें ग्रहणें पाहणारांच्या सोयीसाठीं नव्हे. १८६४ च्या वादळानें कलकत्त्याची दाणादाण उडविली होती, आणि पाठोपाठ ओरिसाचा दुष्काळ पडला होता. खातें निघून पुरतें वर्ष-दीड वर्ष होतें न होतें तोंच १८७६ ते १८७८ चा भयंकर दुष्काळ दक्षिणेवर कोसळला. आमच्या बारामती-इंदापूर भागास त्याची मोठी झळ लागली. त्याच्या आदल्याच वर्षीं सावकारांविरुद्ध जें बंड झालें, त्याची पहिली ठिणगी बारामतीजवळच्या सुपें गांवीं पडली होती, हें आपण जाणतांच. भाटघरचें धरण आणि नीरेचा डावा कालवा हीं दुष्काळाच्या भीतीचींच फळें आहेत. त्या कालव्याच्या पाण्यावर आज आमचा ऊस उभा आहे.

ह्याच भीतीनें एक चमत्कारिक कल्पना जन्मास घातली. विल्यम हंटर यांनीं १८७७ सालीं लॉकियर यांच्यासह एक लेख लिहून असें सुचविलें कीं, सूर्यावरील डाग सुमारें अकरा वर्षांच्या फेऱ्यानें कमीजास्त होतात व त्यांचा पावसाशीं, पर्यायानें दुष्काळाशीं, संबंध आहे. ही कल्पना खरी ठरली असती तर काय हवें होतें! सूर्याचें चित्र पाहून पुढील दुष्काळाची तजवीज करतां आली असती. सरकारास ती पटली म्हणा, वा आशा सोडवेना म्हणा. १८७८ पासून डेहराडून येथें सूर्याचीं नियमितपणें छायाचित्रें घेण्यास सुरुवात झाली. पुढें १८९९ सालीं कोडाईकनालची सौर वेधशाळा सुरू झाली, तीही हवामान खात्याच्याच देखरेखीखालीं. डागांवरून पाऊस सांगण्याचा हा मनोरथ मात्र सिद्धीस गेला नाहीं. गिल्बर्ट वॉकर हे १९०४ सालीं खात्याचे प्रमुख झाले. त्यांनीं आंकड्यांची कसून छाननी केली, तेव्हां डाग आणि पाऊस यांचें नातें भरंवसा ठेवण्याजोगें निघालें नाहीं. त्या छाननींतून दूरदूरच्या समुद्रांवरील हवेच्या दाबाचा परस्परसंबंध मात्र हातीं लागला. तरी एवढें खरें कीं, आपल्या देशांत सूर्याचें छायाचित्र आणि पावसाचा अंदाज हीं दोन्ही दुष्काळाच्या एकाच धास्तीच्या छायेंत वाढलीं.

१८९८ सालीं खात्याजवळ वीस-बावीस वर्षांच्या नोंदी होत्या. ब्लॅनफर्ड यांच्या मागून आलेले जॉन एलियट तेव्हां प्रमुख होते. त्या नोंदींवरून एक गोष्ट स्पष्ट होती : जानेवारींत दक्षिणेच्या पठारावर हवा कोरडी असते व आकाश बहुतेक दिवस निरभ्र राहतें. हा अमुक एका दिवसाचा अंदाज नव्हे. हा त्या ऋतूचा स्वभाव. दोहोंतला फरक लक्षांत ठेवण्याजोगा आहे. आपल्या शेजाऱ्याचा स्वभाव शांत आहे एवढें ठाऊक असलें, म्हणून तो उद्यां सकाळीं रागावणारच नाहीं असें कोण सांगेल? तारेनें आलेल्या बातम्यांवरून हवेचे रोजचे नकाशे तेव्हां निघत होते. पण एका माळरानावर एका ठराविक दुपारीं दोन मिनिटें ढग येईल कीं नाहीं, हें त्यांवरून सांगण्याची सोय नव्हती. मंडळींनीं ऋतूच्या स्वभावावर विश्वास टाकला आणि आलीं. काळही बरा नव्हता. १८९६-९७ चा दुष्काळ नुकताच सरला होता. पुण्या-मुंबईंत प्लेगानें थैमान घातलें होतें. रँडसाहेबाचा खून होऊन सात महिने झाले होते. अशा वेळीं परक्या लोकांच्या छावण्या, त्यांचे उंच मनोरे आणि नळकांडीं पाहून जेऊरच्या शेतकऱ्यांच्या मनांत काय आलें असेल, याचा विचार माझ्या मनांत नेहमीं येतो.

लिक वेधशाळेच्या मंडळींचे पुढारी विल्यम वॉलेस कँपबेल हे होते. त्यांच्या पत्नी एलिझाबेथ याही बरोबर आल्या होत्या व छावणीच्या कामांत त्यांचा हात होता. त्यांच्या यंत्रांतलें सर्वांत डोळ्यांत भरण्यासारखें म्हणजे चाळीस फुटी कॅमेरा. भिंग अवघें पांच इंचांचें, पण त्याचें केंद्र चाळीस फुटांवर. म्हणून भिंग उंच मनोऱ्यावर बसवावयाचें, तिरपें लांबलचक नळकांडें खालीं आणावयाचें आणि खालच्या तोंडाशीं कांच ठेवावयाची. इतकें मोठें धूड सूर्यामागें फिरविणें शक्य नाहीं. म्हणून नळकांडें जागच्या जागीं राही आणि आंतली कांचच घड्याळाच्या यंत्रानें सूर्याच्या चालीनें सरके. ही युक्ति मला फार आवडते. डोंगर हालत नसेल तर आपण हालावें!

पुण्याच्या तुकडीचे प्रमुख प्रोफेसर कावसजी दादाभाई नायगमवाला हे होते. ह्या गृहस्थांचें नांव आज पुण्यांतही फारसें कोणी घेत नाहीं, याचें मला वाईट वाटतें. भावनगरचे महाराज तख्तसिंगजी यांनीं पांच हजार रुपये दिले, मुंबई सरकारनें तितकीच भर घातली आणि त्यांतून पुण्याच्या सायन्स कॉलेजांत (पुढील काळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत) महाराजांच्या नांवानें वेधशाळा उभी राहिली. १८८८ पासून ती चालू झाली. तेथील वीस इंची परावर्तक दुर्बीण त्या काळीं हिंदुस्थानांत सर्वांत मोठी होती. नायगमवालांनीं १८९१ सालीं मृगांतील त्याच तेजोमेघाचा वर्णपट तपासला, ज्याच्यासाठीं आम्ही त्या रात्रीं कुडकुडत बसलों होतों. त्यांतली मुख्य रेषा कडांना स्वच्छ व तीक्ष्ण आहे असें त्यांस आढळलें. लॉकियरसाहेबांचें मत ह्याच्या उलट होतें. ज्यांच्याशीं जुना परिचय होता अशा थोर विद्वानाच्या मताविरुद्ध आपण पाहिलें तें नायगमवालांनीं लिहून प्रसिद्ध केलें, आणि पुढें तेंच खरें ठरलें.

ग्रहणाच्या दिवशीं आकाश स्वच्छ राहिलें. जेऊरला राहिलें, विजयदुर्गास राहिलें, वऱ्हाडांतही राहिलें. ऋतूनें आपला स्वभाव राखला.

आतां दुसरा प्रश्न : प्रकाश किती घ्यावा? खग्रास झाल्यावर चंद्राच्या काळ्या बिंबाभोंवतीं जें रुपेरी प्रभामंडल दिसतें, त्याचें तेज सर्वत्र सारखें नसतें. बिंबाच्या कडेलगत तें झगझगीत असतें आणि थोडें दूर गेलें कीं शेंकडों पटींनीं मंद होत जातें. थोडा वेळ प्रकाश घेतला तर कडेचे बारकावे येतात, पण दूरचे किरण उमटत नाहींत. जास्त वेळ घेतला तर दूरचे किरण येतात, पण कडेलगतचा भाग नुसता पांढरा फटफटीत होतो. एकच कांच दोन्ही गोष्टी सांगूं शकत नाहीं. म्हणून आखूड आणि लांब अशा निरनिराळ्या एक्स्पोजरांची यादी आधींच ठरवावी लागे. घड्याळाकडे पाहून एकानें सेकंद मोजावयाचे, दुसऱ्यानें कांच बदलावयाची, तिसऱ्यानें झांकण उघडावयाचें. त्या दोन मिनिटांत विचार करण्यास जागा नव्हती. विचार सगळा आधीं करून ठेवलेला.

ह्या बाबतींत मला सर्वांत मोठें कौतुक वाटतें तें वऱ्हाडांत टाकळी-तळणीच्या बाजूस नव्हे, तर तळणी ह्याच नांवाच्या गांवीं उतरलेल्या एका बाईंचें. त्यांचें नांव ॲनी माँडर. केंब्रिजच्या गर्टन कॉलेजांत त्या गणित शिकल्या व ग्रीनिचच्या वेधशाळेंत गणनेच्या कामावर लागल्या. १८९५ सालीं तेथल्याच वॉल्टर माँडर यांच्याशीं विवाह झाला आणि त्या काळच्या नियमाप्रमाणें नोकरी सोडावी लागली. पण त्यांनीं काम सोडलें नाहीं. हौशी ज्योतिष्यांच्या ब्रिटिश मंडळाबरोबर त्या पतीसह तळणीस आल्या. त्यांचा कॅमेरा केवढा? भिंग दीड इंचाचें आणि केंद्र नऊ इंचांवर! हातांत मावणारी वस्तु. ह्या लहानग्या कॅमेऱ्यानें प्रभामंडलाचा एक लांबच लांब किरण टिपला. तो सूर्यापासून सुमारें साठ लक्ष मैल दूर गेलेला होता. इतका लांब किरण तोंवर छायाचित्रांत कोणास मिळाला नव्हता.

दीड इंची भिंगास असें यश कां यावें? गणित सोपें आहे. चाळीस फूट म्हणजे ४८० इंच. त्यास पांचानें भागलें तर ९६ येतात. बाईंच्या कॅमेऱ्यांत नऊ भागिले दीड म्हणजे ६. दोन गुणोत्तरांत सोळा पटींचा फरक; आणि कांचेच्या दर चौरस इंचावर पडणारें तेज ह्या फरकाच्या वर्गानें बदलतें, म्हणजे २५६ पटींनीं. मोठ्या कॅमेऱ्यानें सूर्य मोठा दिसे, बारकावे दिसत. पण मंद किरणांचें तेज मोठ्या जागेवर पसरून जाई. लहान कॅमेऱ्यानें तें एकवटलें. कोणता कॅमेरा चांगला, हा प्रश्नच खोटा आहे. काय पाहावयाचें आहे, तें आधीं सांगा. त्याच तळणीस जॉन एव्हरशेड नांवाचे दुसरे एक हौशी ज्योतिषी होते. त्यांनीं सूर्याच्या कडेचा वर्णपट जांभळ्याच्याही पलीकडच्या भागांत टिपला. पुढें हेच हौशी गृहस्थ कोडाईकनालचे संचालक झाले.

सगळ्यांचेंच नशीब असें नव्हतें. बक्सरला पाद्री बेकन यांनीं चलच्चित्राचा कॅमेरा नेला होता. ग्रहणाचें चित्र घेतलें गेलें, पण परतीच्या प्रवासांत फिल्मच चोरीस गेली! ढगानें नेलें नाहीं तें चोरानें नेलें.

मग गेन म्हणजे काय? विद्यार्थ्यानें मला समजावून सांगितलें तें मी तुम्हांला रेडिओच्याच उदाहरणानें सांगतों, कारण तो तुमच्यासमोर आहे. दूरचें स्टेशन मंद ऐकूं येतें म्हणून आपण आवाजाची कळ फिरवितों. गाणें मोठें होतें, पण त्याबरोबर खरखरही मोठी होते. स्टेशनाकडून येणारी लहर आपल्या कळीनें तिळमात्र वाढत नाहीं. कॅमेऱ्याच्या आंत आतां कांचेऐवजीं सेन्सर नांवाची चकती असते. तिजवर प्रकाश पडला कीं विजेचे कण सुटतात व ते मोजले जातात. ह्या विजेचें वर्धन किती करावयाचें, तें गेन ठरवितो. गेन वाढविल्यानें आकाशांतून एकही किरण जास्त येत नाहीं. प्रकाश वाढवावयाचा तर भिंग मोठें हवें किंवा वेळ जास्त हवा. त्याला तिसरा मार्ग नाहीं.

तरीही गेन अगदींच निरुपयोगी नाहीं. खरखर दोन जातींची असते. एक प्रकाशाबरोबरच येते. ती वर्धनांत तितकीच मोठी होते. दुसरी वर्धन झाल्यानंतर, मोजणीच्या वेळीं, यंत्र आपल्या पदरची घालतें. आधींच वर्धन चांगलें करून घेतलें तर ही दुसरी खरखर तुलनेनें लहान पडते. म्हणून कांहीं मर्यादेपर्यंत गेन वाढविण्यांत खरा लाभ आहे. पण मर्यादेपुढें गेलें कीं भांडें लवकर भरतें. समजा, मोजणारें यंत्र ४०९६ पायऱ्या मोजतें. दर पायरीस विजेचा एक कण असा गेन ठेवला, तर चार हजार कणांतच पायऱ्या संपतात, मग सेन्सरमध्यें त्याच्या कितीतरी पट कण मावत असले तरी! त्यापुढें तारा केवढाही तेजस्वी असो, तो नुसता पांढरा ठिपका. जुन्या काळींही असेंच होतें. जलद कांचेवर चित्र लवकर उमटे, पण तिचा कण जाड. मंद कांच बारीक कणांची, पण तिला वेळ फार.

मृगांतल्या तेजोमेघाचें दुखणें नेमकें प्रभामंडलासारखें आहे. मधोमध चार तारे एकत्र झगमगतात आणि भोंवतीं पंखासारखा मंद मेघ पसरलेला. माझ्या विद्यार्थ्यानें त्या आधींच्या रात्रीं हौसेनें गेन चढवून ठेवला होता. पंख सुरेख आले, पण मध्यभागीं चुन्याचा लपका मारल्यागत झालें. मीं त्यास जेऊरच्या यादीची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "मग आपणही तसेंच करूं." त्यानें गेन मध्यम ठेवला, पांच पांच सेकंदांचीं आखूड चित्रें वेगळीं घेतलीं, तीन तीन मिनिटांचीं लांब चित्रें वेगळीं घेतलीं. कँपबेलसाहेबांना न मिळालेली एक सोय मात्र आज आहे. एकाच विषयाचीं सोळा चित्रें घेऊन त्यांची सरासरी काढली तर खरखर चौथाईवर येते. त्यांना दोन मिनिटें होतीं, आपल्याला पहांटेपर्यंतचा वेळ.

पण तो वेळ तरी आपला आहे काय? हवामान खात्याची मुख्य कचेरी १९२८ सालीं सिमल्याहून पुण्यास आली. म्हणून पुणेकर त्या इमारतीला आणि तेथल्या चौकाला अजून सिमला ऑफिस म्हणतात. पुढें मुख्य ठाणें दिल्लीस गेलें, तरी पुण्याचें काम चालूच आहे. आज उपग्रह दर अर्ध्या तासाला ढगांचें चित्र धाडतो आणि खिशांतल्या फोनवर तासातासाचा अंदाज पाहतां येतो. एलियटसाहेबांनीं हें पाहिलें असतें तर! तरीही ऋतूच्या स्वभावापुढें अंदाजाचा इलाज नसतो. २२ जुलै २००९ चें खग्रास ग्रहण ऐन पावसाळ्यांत आलें. आकाश झांकलेलें असणार हें ठाऊक असूनही मी शाळेचीं कांहीं मुलें घेऊन सुरतेकडे गेलों. मुलांनीं महिनाभर तयारी केली होती. एकानें तर वडिलांचा कॅमेरा मागून आणला होता. सकाळीं सहा वाजून गेल्यावर ढगांच्या आड एकदम अंधार पडला, पांखरें पुन्हां झाडांत शिरलीं, आणि कांहीं मिनिटांनीं उजाडलें. बस्स. सूर्य दिसलाच नाहीं. परत येतांना गाडींत तो मुलगा कॅमेरा मांडीवर घेऊन गप्प बसला होता. त्याला काय सांगावें हें मला त्या दिवशीं सुचलें नाहीं. शेतावर रात्रभर कॅमेरा लावून बसणारा तोच हा मुलगा.

आमच्या मुलखांत आणखी एक बदल झाला आहे, जो कोणत्याही अंदाजांत नीट येत नाहीं. जेऊरचा माळ १८९८ सालीं कोरडा ठणठणीत होता. १९८० सालीं उजनीचें धरण झालें आणि भीमेचें पाणी भिगवणपर्यंत पसरलें. त्याच्या काठानें ऊस आला. आतां पौष-माघांत वारा पडला कीं उत्तररात्रीं पाण्यावरून धुकें उठतें. फोनवर आकाश निरभ्र दाखवितात, आणि तें असतेंही; पण दुर्बिणीचें भिंग उघड्यावर थंड होऊन दंवानें भरून जातें. ह्यावर उपाय म्हणून विजेवर किंचित् तापणारी पट्टी भिंगाभोंवतीं गुंडाळतात. शेजारच्या शेतकऱ्याला ह्या पट्टीचें मोठें नवल वाटलें. त्याची रात्रीची पाण्याची पाळी होती. मोटर चालू करण्यास तो बॅटरी घेऊन बांधावर आला. आम्ही दिवा खालीं करावयास सांगितलें तसा तो दिवा विझवूनच आमच्याजवळ येऊन बसला. म्हणाला, "ढग येऊं नये असं तुम्हांला वाटतं, तसं मलाही वाटतंय. आभाळ आलं कीं ज्वारीवर चिकटा पडतो." मग थोडें थांबून म्हणाला, "जूनमधीं मात्र आपलं जमायचं नाहीं हो!"

पुण्याची ती वेधशाळा नायगमवाला निवृत्त झाल्यावर १९१२ सालीं बंद झाली आणि यंत्रें कोडाईकनालास गेलीं. पुण्यांत हौशी लोकांनीं १९४४ सालीं ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन केली. ती आजही चालू आहे. माझ्या विद्यार्थ्याला आकाशाचें वेड तेथल्याच मंडळींच्या संगतींत लागलें.

पहांटे चारच्या सुमारास पाण्याकडून पांढरा पट्टा सरकत आला. पट्टी तापत होती, तरी भिंगाला आतां तारे दिसेनात. शेतकरी केव्हांच पाण्याच्या मागें गेला होता. त्यानें तोंवर घेतलेलीं चित्रें पडद्यावर एकावर एक ठेवून पाहिलीं. मधले चार तारे वेगवेगळे दिसत होते आणि पंखही आले होते. पलीकडून रुळांचा आवाज आला. सोलापूरकडे जाणारी गाडी जेऊरच्या दिशेनें चालली होती. आम्ही तिपाई मिटली, पेट्या गाडींत घातल्या आणि चुलीपाशीं जाऊन चहा घेतला.